चकव्याची ३७ मिनिटं

मागच्या वेळच्या ओरिएंटिअरिंगच्या आठवड्यात (नकाशा आणि कंपास घेऊन ठरलेले झेंडे, म्हणजे कंट्रोल, क्रमाने शोधत धावायचं) सहा शर्यतींत मिळून ७४ मिनिटं मी चुकांत घालवली होती. चढ चढण्यात नव्हे, काट्याकुट्यातून वाट काढण्यातही नव्हे. नुसतं गोल फिरण्यात आणि 'हे टेकाड म्हणजे तेच का ते?' असं स्वतःला विचारण्यात. म्हणून या खेपेला क्रमांकाचं नावच काढायचं नाही असं ठरवलं होतं. सात दिवस, सहा शर्यती, मधे एक दिवस सुट्टी, आणि लक्ष्य एकच: चकव्याची मिनिटं ४० च्या आत.

रानात माणूस फिरून फिरून त्याच जागी आला की त्याला चकवा लागला म्हणतात. वहीतल्या रकान्याला मी तेच नाव दिलंय. 'पॅरलल एरर' (सारखी दिसणारी शेजारची खूण आपली समजणं) लिहिलं की चूक भूमितीची वाटते, चकवा लिहिलं की आपली वाटते.

हिशेब कसा करते ते आधी सांगते, कारण मागच्या वेळी तिघांनी विचारलं होतं. डब्ल्यू ४० गटातल्या (चाळीस आणि पुढच्या वयाच्या बायका, माझा गट) पहिल्या पाच जणींच्या प्रत्येक लेगच्या, म्हणजे एका कंट्रोलपासून पुढच्यापर्यंतच्या, वेळेची सरासरी काढायची. एकट्या पहिलीची वेळ धरू नये, तीही कुठेतरी चुकलेली असते. चूक झाली नाही तर मला त्या सरासरीच्या साधारण सव्वापट वेळ लागतो. एखाद्या लेगवर तो एकदम दुप्पट दिसला, की सव्वापटीच्या वरचा सगळा वेळ चकव्याच्या खात्यात. फार शास्त्रशुद्ध नाही, पण स्वतःशी खोटं बोलायला जागा उरत नाही.

अशा आठवड्यांचं मूळ घराणं म्हणजे स्वीडनचं ओ-रिंगेन. १९६५ पासून चालत आलेलं, पाच टप्प्यांचं. १९८५ साली फालूनला २५,००० हून अधिक जण उतरले होते. आमचा आठवडा त्यापुढे चिमुकला. सूत्र मात्र तेच, रोजची वेळ बेरजेत जाते. एका दिवसाचा घोळ पुढचे सगळे दिवस पाठीवर घेऊन धावावं लागतं.

पहिला दिवस, मिडल, म्हणजे मध्यम पल्ला. नकाशा १:१०,००० चा. आणि मी महिनाभर सराव केलेला १:१५,००० वर! पहिला कंट्रोल नकाशावर सुरुवातीच्या त्रिकोणापासून २.६ सेंटिमीटर, म्हणजे २६० मीटर. माझ्या डोक्याने जुन्या सवयीने ते ३९० धरले. घळीचं तोंड आलं तेव्हा 'इतक्या लवकर कसं येईल' म्हणून मी ते सोडून पुढे गेले, आणि पुढे अर्थातच दुसरी घळ होती. चार मिनिटं दहा सेकंद तिथेच गेली, दोन मिनिटं पुढे किरकोळीत. एकूण ६:१०.

यावर उपाय नकाशावरच छापलेला असतो आणि मला तो तिसऱ्या कंट्रोलला आठवला. चुंबकीय उत्तरेच्या रेषा. आताच्या मानकात त्या १:१५,००० वर २ सेंटिमीटरवर असतात आणि १:१०,००० वर ३ सेंटिमीटरवर, कारण हा नकाशा म्हणजे त्याचंच दीडपट मोठं रूप. म्हणजे प्रमाण कुठलंही असो, दोन रेषांमधे ३०० मीटरच. आता सुटताना आधी रेषा बघते, मग लेग. सेंटिमीटर मोजायचं काम डोक्याला द्यायचंच नाही.

दुसऱ्या दिवशी स्प्रिंट, १:४,००० चा नकाशा, गल्लीबोळ आणि जिने. इथे चकवा लागत नाही, इथे माती खायची असते ती भिंतीपाशी. जाड काळी रेघ म्हणजे ओलांडायला मनाई, मग प्रत्यक्षात ती भिंत कमरेएवढी का असेना. ऑलिव्ह हिरव्या रंगावर पाऊल पडलं तरी बाद. एका कंट्रोलला मी भिंतीच्या खालच्या अंगाला पोचले, झेंडा डोक्यावर चार हातांवर फडकतोय, आणि मला पूर्ण वळसा. वर्णनपट्टीत (कंट्रोल नेमका कुठे ते सांगणाऱ्या चिन्हांच्या यादीत) ते होतं. मी वाचलं नव्हतं. १:२०. पुढे चला.

तिसरा दिवस. लाँग.

आठव्या कंट्रोलपर्यंत मी इतकी छान धावले होते, की मनात संध्याकाळी वहीत काय लिहायचं त्याची वाक्यं तयार व्हायला लागली होती. हे लक्षण वाईट. आठवरून नऊला जाणारा लेग सरळ रेषेत दोन किलोमीटरच्या वर, मधे आडवी धार. सरळ गेलं तर चढ जास्त, डावीकडून पायवाटेने गेलं तर अंतर साडेतीनशे मीटर जास्त पण चढ ४० मीटरने कमी. १ मीटर चढ म्हणजे सपाटीचे १० मीटर हा आपला ढोबळ हिशेब लावला तर जवळपास बरोबरी. मी पायवाट घेतली, कारण वाटेवर पुढचं वाचता येतं. निवड चांगलीच होती, स्प्लिटही (त्या लेगची वेळ) तेच सांगतं. घोळ झाला तो शेवटच्या दीडशे मीटरमध्ये.

कंट्रोल होता एका खड्ड्यात, पूर्वेच्या कडेला. आणि तो सगळा भाग म्हणजे खड्डेच खड्डे. आतल्या बाजूला आडव्या टोच्या असलेली तपकिरी वेटोळी, एकाला झाकावं एक काढावं अशी. वाटेच्या वळणापासून दिशा धरायला हवी होती. मी वळणाच्या थोडं अलीकडेच वाट सोडली, कारण झाडी विरळ दिसली आणि पाय आपोआप तिकडे वळले. इथून पुढचं सगळं नकाशा वाकवणं. समोर टेकाड आलं. नकाशावर टेकाड होतं. ठीक. टेकाडापलीकडे दोन खड्डे हवेत, दिसला एक. 'दुसरा झुडपामागे असेल.' खड्ड्याच्या उत्तरेला कातळ हवा. होता एक दगड, गुडघ्याएवढा. 'यालाच कातळ दाखवला असेल.' नकाशा काढणाऱ्याने गुडघ्याएवढा दगड कशाला काढावा? पण त्या क्षणी मला जग आणि नकाशा जुळवायचेच होते, आणि जग बिचारं काही बोलत नाही.

खड्ड्यात झेंडा होता! केशरी-पांढरा, खाली स्टेशन, म्हणजे कार्ड लावून पोचल्याची नोंद (पंच) करायची पेटी. मी कार्ड काढून हात पुढे नेला आणि आकडा बघितला: १४७. माझा होता १७४.

एवढं एक काम मी त्या दिवशी नीट केलं, आकडा वाचला. नाहीतर मिसपंच, म्हणजे चुकीच्या कंट्रोलची नोंद, आणि आठवड्याची बेरीजच संपली असती. पण वाचल्यावर जे केलं ते शिकाऊसारखं. 'म्हणजे माझा इथेच जवळपास' म्हणून खड्ड्यामागून खड्डा बघत फिरले. पूर्वेला, मग दक्षिणेला, मग परत. खड्ड्याच्या तळाशी उभं राहिलं की आजूबाजूचं काहीच दिसत नाही, आणि काठावर आलं की सगळे खड्डे एकाच आईची लेकरं. दोनदा मी १४७ वरच परत आले. दुसऱ्या वेळी स्टेशनवर बसलेली माशीसुद्धा ओळखीची वाटली.

तेवढ्यात एक बाई आल्या. पाठीवरच्या क्रमांकावर डब्ल्यू ७०. धावत नव्हत्या, चालत होत्या, जरा लंगडतच. एका बुंध्यापाशी थांबल्या, नकाशा फिरवून उत्तरेला लावला, अंगठा सरकवला, मान वर केली आणि सरळ निघाल्या. माझ्यापासून चाळीस पावलांवरच्या खड्ड्यात उतरल्या, पंच केलं, वर आल्या आणि गेल्या. त्यांचा मार्ग वेगळा, हा कंट्रोल त्यांचा माझा एकच असेल असं कुणी सांगितलंय? म्हणून मी मागे गेले नाही. वाटेच्या वळणावर परत गेले, तिथून दिशा धरली, जोडपावलं मोजत आले (रानात माझी १०० मीटरला ४८ होतात, सपाट वाटेवर ४०) आणि पोचले. तोच खड्डा. १७४.

साडेअकरा मिनिटं. त्या दिवसाचे एकूण १४:०५.

चौथा दिवस सुट्टीचा. बाकीचे हिंडायला गेले. मी बूट धुऊन वाळत घातले आणि तिन्ही नकाशे पसरून लाल पेन घेऊन बसले. घड्याळातला जीपीएसचा माग काढायच्या आधी स्वतःच्या आठवणीने मार्ग काढायचा, हा माझा नियम. जिथे आठवण आणि माग जुळत नाहीत तिथे आपण नकाशात नव्हतोच. बेरीज २१:३५. त्यातली १७ मिनिटं कंट्रोलपासून दीडशे मीटरच्या आत गेलेली. मार्ग निवडण्यात जेमतेम दीड मिनिट. आणि मी वर्षभर सराव कशाचा केला? लांब लेग, मार्ग निवड, चढावर दम. हसावं की रडावं!

मग एकच गोष्ट ठरवली. अटॅक पॉइंटला, म्हणजे कंट्रोलच्या आधीच्या शेवटच्या खात्रीच्या खुणेपाशी, पूर्ण थांबायचं. वेग कमी करायचा असं नाही, थांबायचं. तीन श्वास. वर्णनपट्टी बघायची, आकडा तोंडाने म्हणायचा, कंपासवर दिशा लावायची, आणि 'चुकले तर पुढे काय लागेल' याचं उत्तर मिळाल्याशिवाय पाय उचलायचा नाही. हिरव्याला सुसाट, पिवळ्याला सावकाश, लाल दिव्याला थांबा हे आपण सगळेच शिकलोय. माझा लाल दिवा आजवर पिवळाच होता.

पाचव्या दिवशी मिडल, १८ कंट्रोल. प्रत्येक थांब्याला दहा सेकंद धरले तर तीन मिनिटं मी स्वतःहून दान केली. पहिल्या तीन कंट्रोलला बाजूने लोक सपासप जाताना बघून जीव खालीवर होत होता. पण सहावा कंट्रोल सांगण्यासारखा. उतारावर एकाशेजारी एक चार उथळ घळी, नकाशावर एकेका काँटूरच्या (काँटूर म्हणजे समान उंचीची रेषा, दोन रेषांमधे उंचीचा फरक ५ मीटर). प्रत्यक्षात घळ कसली, जमिनीला पडलेली नुसती सुरकुती. थांबले. नकाशावर सोंडेचं नाक नीट बघितलं: तिसऱ्या आणि चौथ्या घळीमधली सोंड बाकीच्यांपेक्षा बोथट. त्या नाकावर उतरायचं आणि उजवीकडे बघायचं, बाकी तिन्ही घळी मोजायच्याच नाहीत. नाकावर उभी राहिले तर वीस मीटरवर झेंडा, ओल्या पाचोळ्यावर केशरी कोपरा तेवढा दिसत होता. वरच्या अंगाला दोघं जण घळी मोजत होते.

त्या दिवशी चकवा २:५०. स्प्रिंट सोडली तर आठवडाभरातला माझा सर्वांत कमी चकवा, आणि क्रमांकही चढला. (बघायचा नाही म्हटलं होतं. बघितला.)

सहाव्या दिवशी पाऊस. चष्म्यावर पाणी आणि धुकं, नकाशाचा कागद पाण्याला टिकणारा, पण त्यावरचे थेंब भिंगासारखे होऊन काँटूर फुगवतात. पाय जड, पाचव्या दिवसाचा उत्साह ओसरलेला. अकराव्यानंतर पुढे धावणारी एक जण इतकी ठाम दिसली की मी तिच्या मागे लागले. ती ठाम होतीच, पण दुसऱ्याच कंट्रोलबद्दल. ४:४०, सगळे स्वखुशीने.

शेवटच्या दिवशी लाँग, चेसिंग स्टार्ट. बेरजेत पहिली असलेली आधी सुटते आणि बाकीच्या आपापल्या पिछाडीइतक्या वेळाने. त्यामुळे रेषा ज्या क्रमाने ओलांडाल तोच आठवड्याचा निकाल. माझी पिछाडी १ तास १४ मिनिटं. मी त्रिकोणापाशी उभी होते तेव्हा आमच्या गटातली पहिली आलेली शर्यत संपवून, कोरडे कपडे घालून समोरून चालली होती. पण चेसिंगची गंमत वर नसते, मधे असते. माझ्या १५ सेकंद पुढे एक, २० सेकंद मागे एक. तिघी मिळून तासभर एकमेकींची सावली.

कुणाच्या मागे जायचं नाही हे आदल्याच दिवशी शिकले होते, तरी चार कंट्रोल उरलेले असताना पुढची खाली उतरू लागली आणि माझा थांबा चुकला. तिसरीही आमच्या मागे. तिघीही दलदलीच्या चुकीच्या काठाला. तिथे मी थांबले, मोठ्याने 'नाही' म्हटलं (तिसरी दचकली) आणि मागे आले. शेवटून दुसऱ्या कंट्रोलला ती माझ्या पुढची परत भेटली, फिनिशच्या पट्ट्यांमधून आम्ही दोघी जीव खाऊन धावलो आणि ती अर्ध्या पावलाने पुढे गेली. चकवा ८:१५.

एकूण ३७:२०. त्यातले पहिल्या तीन शर्यतींचे २१:३५, पुढच्या तीनचे १५:४५. लक्ष्य गाठलं, थोडक्यात.

निकालपत्रक बघताना डब्ल्यू ७० चंही पान उघडलं. लंगडणाऱ्या बाई गटात दुसऱ्या. त्यांच्या तिसऱ्या दिवसाच्या स्प्लिट्समध्ये त्या खड्ड्याच्या लेगवर गटातली पहिली वेळ त्यांची होती.

आता पुढचे तीन महिने बारीक काँटूरच्या रानात छोटे लेग, १:१०,००० वर, आणि घड्याळ न लावता. पाऊसपाण्यात चष्म्याचं काय करायचं यावर कुणाकडे खरोखर चाललेला उपाय असेल तर सांगा. टोपीचा पुढचा छज्जा आणि काचेवर साबणाचा हात, दोन्ही करून झालंय.