प्रोटॉन का पडलं? तुम्ही विचारलंत म्हणून

उडताच आडवं होऊन कोसळणाऱ्या रॉकेटचा तो व्हिडिओ अधूनमधून कुणीतरी व्हॉट्सअॅपवर टाकतंच, दर वेळी वेगळ्या देशाचं नाव लावून, आणि मग मला विचारणा होते की तू रॉकेटचं वाचतोस ना, मग सांग हे का पडलं. तर ते रशियाचं प्रोटॉन-एम आहे. 2 जुलै 2013, कझाकस्तानातलं बायकोनूर, वर ग्लोनासचे तीन उपग्रह. ग्लोनास म्हणजे त्यांचं जीपीएस. उडालं, लगेच एका बाजूला कललं, सावरायला गेलं तर दुसऱ्या बाजूला जास्त कललं, मग आडवं झालं, हवेतच तुटायला लागलं आणि साधारण अर्ध्या मिनिटात जमिनीवर. टीव्हीवर लाईव्ह चाललं होतं हे सगळं.

त्या दिवशी जो तो एक्सपर्ट झाला होता. बहुतेकांचं मत, इंजिन गेलं. आता पहिल्या टप्प्यात, म्हणजे रॉकेटच्या सगळ्यात खालच्या भागात, सहा इंजिनं आणि मागे तो तपकिरी-नारिंगी धूर, त्यामुळे असं वाटणं साहजिक आहे. पण प्रोटॉनचं इंधनच तसलं, हेप्टिल आणि नायट्रोजन टेट्रॉक्साइड, दोन्ही जहाल विषारी, आणि टेट्रॉक्साइडचा ढग नारिंगीच दिसतो. मग बातमी आली की लिफ्टऑफचा, म्हणजे रॉकेट जमिनीवरून सुटल्याचा, सिग्नल 0.4 सेकंद आधी आला होता. झालं, लोकांनी तेच धरून ठेवलं. ते खरंही होतं, पण रॉकेट पडलं ते त्यामुळे नाही. घातपातवाले तर काय, कायम तयारच असतात.

मला विचाराल तर धुराकडे बघूच नये, रॉकेट हललं कसं ते बघावं. इंजिन मेलं की रॉकेट साधारण एकाच बाजूला ओढलं जातं. इथे ते डावं-उजवं करत होतं आणि दर फेरीला जास्त, म्हणजे इंजिनं इमानदारीत काम करत होती, त्यांना ऑर्डरच उलट्या मिळत होत्या. झोपाळा थांबवायला पाय टेकायचे सोडून कुणी प्रत्येक झोक्याला अजून ढकलत राहिलं तर जे होईल ते.

आणि चौकशीत निघालं ते हेच. रॉकेट किती वेगाने वळतंय हे मोजणारे सहा सेन्सर असतात, त्यातले तीन, यॉ म्हणजे डावं-उजवं वळण मोजणारे, चक्क 180 अंशात उलटे बसवलेले. सेन्सरवर वरची बाजू दाखवणारा बाण असतो! शिवाय उलटा बसू नये म्हणून बसवायच्या प्लेटवर पिनाही असतात, तरी जोर लावून दाबला की बसतो. चौकशीवाल्यांनी तसा मुद्दाम बसवून पाहिला, तेव्हा प्लेटवर जे ओरखडे उठले तसेच ढिगाऱ्यातल्या तुकड्यांवर सापडले. आणि उडायच्या आधीच्या टेस्टमध्ये हे कळलं नाही कारण वायरिंग बरोबर होतं, सिग्नल नीट येत होता, सेन्सर उताणा आहे की पालथा हे इलेक्ट्रिकल टेस्टला कळणार कसं? कागदावर तपासणीच्या सह्या मात्र झालेल्या.

अजून एक नेहमी विचारतात, वाकडं जायला लागल्यावर इंजिनं बंद का नाही केली. कारण पहिली 42 सेकंद ती बंद होऊच नयेत अशी सोय केलेली असते, नाहीतर ते शेकडो टन विष लाँच पॅडवरच पडेल. त्यामुळे ते पॅडपासून दोन-अडीच किलोमीटरवर जाऊन पडलं, म्हणजे निदान तेवढी सोय तरी बरोबर चालली. 30 सप्टेंबरला पुढचं प्रोटॉन उडालंही, नीट.

तेव्हा आमच्या ग्रुपवर 'रशियन क्वालिटी' म्हणून आठवडाभर टिंगल चालली होती. मग 17 नोव्हेंबर 2020 ला युरोपचं वेगा रॉकेट उडालं, फ्रेंच गयानातून, स्पेनचा एक आणि फ्रान्सचा एक असे दोन उपग्रह घेऊन. खालचे तीन टप्पे मस्त, आठेक मिनिटांनी चौथ्याचं इंजिन पेटलं आणि गाडी भलतीकडेच. का, तर इंजिन वळवणाऱ्या यंत्रणेच्या केबल उलटसुलट जोडलेल्या. तोच गाढवपणा, पण तेव्हा ग्रुपवर 'युरोपियन क्वालिटी' म्हणून एकही जोक आला नाही, उलट दोघातिघांनी 'स्पेस इज हार्ड' टाकलं.