विळी, सूप, रवी आणि भावाचं बोलणं

काल कपाट आवरताना वहीचा एक फाडलेला कागद सापडला. माझ्याच अक्षरात चाळीस शब्द : विळी, सूप, जातं, रवी, चाळणी, कुदळ, घंटा... गेल्या वर्षी धाकट्या भावाच्या मेंदूच्या तपासणीसाठी मी केलेली यादी.

तो सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीची अडत बघतो. त्याचं सगळं पोट बोलण्यावर. राजापुरीची आवक ऐन भरात असताना त्याला शब्द अडायला लागले. पोत्याकडे बोट दाखवून म्हणाला, "ते गं अक्का, ते... भरायचं." आधी आम्हाला वाटलं दगदग. मिरजेत एमआरआय झाला आणि डाव्या बाजूला, कपाळाच्या मागच्या भागात गाठ दिसली.

पुण्याच्या सर्जननी सांगितलं, गाठ काढता येईल, पण ह्यांचं बोलणं नेमकं कुठं आहे ते आधी बघू. त्यासाठी फंक्शनल एमआरआय, म्हणजे मेंदूचा कुठला भाग कामाला लागतो ते दाखवणारी तपासणी. बोलण्याची अशीच जागा शोधताना पॅरिसच्या डॉक्टर पॉल ब्रोकांनी 1861 साली एका रुग्णाचा मेंदू तपासला होता. त्या माणसाला 'टॅन' एवढंच बोलता यायचं, आणि बिघाड सापडला तो डाव्या बाजूला पुढं. पण त्यासाठी त्याच्या मृत्यूपर्यंत थांबावं लागलं. माझा भाऊ स्वतःच्या पायांनी चालत आत गेला आणि चालत बाहेर आला. मला राहून राहून त्याचंच नवल वाटतं.

पडद्यावर एखादी वस्तू आली की तिचं काम मनात म्हणायचं. विळी आली की 'चिरणे'. तोंडानं नाही, कारण डोकं जरा जरी हललं तरी चित्र बिघडतं. तीस सेकंद शब्द, तीस सेकंद नुसती फुली बघायची, पुन्हा शब्द. त्यांच्याकडे हिंदी यादी तयार होती. भावाला हिंदी येतं, व्यापारात लागतंच. पण जे बोलणं वाचवायचंय ते मराठी, मग शोधायचंही मराठीतच, असं मी म्हटलं. एकतीस वर्षं मराठी शिकवलेल्या बाईचा हट्ट म्हणा, पण रेडिओलॉजिस्ट बाईंनी तो लगेच मानला. रात्री लॉजवर बसून यादी केली. 'मोट' लिहिला आणि खोडला. त्या शब्दावर तो थेट आजोळच्या विहिरीवर जाऊन बसला असता.

यंत्र तीन टेस्लाचं. आपल्या पायाखालच्या पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या साठ हजार पटींहून जास्त. मला वाटलं होतं, हे चुंबक विचार पकडतं. बाईंनी समजावलं, ते रक्त बघतं. रक्तातल्या हिमोग्लोबिनला प्राणवायू चिकटलेला असला की चुंबक त्याला जवळजवळ जाणवत नाही, प्राणवायू सोडला की मात्र जाणवतं. पॉलिंग आणि कोरिएल या शास्त्रज्ञांनी हे 1936 मध्येच दाखवलं होतं. त्याचा उपयोग करून मेंदूतल्या रक्ताची चित्रं काढता येतात, हे सेइजी ओगावा या जपानी शास्त्रज्ञांनी 1990 मध्ये दाखवलं. मेंदूचा जो भाग कामाला लागतो तिकडे शरीर गरजेपेक्षा जास्त ताजं रक्त सोडतं. आपण हळदीच्या वाफ्याला पाणी देतो तसंच : तहानेपेक्षा जास्तच जातं. त्यामुळं तिथला संकेत किंचित वाढतो, शंभरात एक-दोन इतकाच. म्हणून तर तेच काम पुन्हा पुन्हा करून घ्यायचं. आणि मोटार सुरू केली तरी टोकाच्या वाफ्यात पाणी पोचायला वेळ लागतो, तसं इथंही : शब्द सुचून जातो आणि रक्ताचा भर पाचेक सेकंदांनी येतो.

म्हणजे चित्रात दिसतो तो शब्द नव्हे, शब्दामागून धावत आलेलं रक्त. जागा कळते, काय म्हटलं ते कळत नाही. लोक चित्रात ही जागा दाखवणाऱ्या केशरी ठिपक्यांना 'मनाचा फोटो' म्हणतात तेव्हा मला ते पटत नाही. जे खरोखर दिसतं तेच इतकं मोठं आहे की त्यात भर घालायची गरज नाही. भावाचा ठिपका गाठीच्या अगदी कडेला होता. बांधाला लागून दुसऱ्याचं शेत असावं तसा.

सर्जननी त्या नकाशावरही आंधळा भरवसा ठेवला नाही. गाठीजवळच्या रक्तवाहिन्या नेहमीसारख्या वागतीलच असं नाही, त्यामुळं कामाची जागाही चित्रात कोरी दिसू शकते, असं ते म्हणाले. म्हणून ऑपरेशनच्या मधल्या वेळात त्याला जागं ठेवलं. तो चित्रांची नावं सांगत होता आणि ते मेंदूवर बारीक विजेचा स्पर्श करून बघत होते. एका जागी छत्री समोर दिसत असून त्याला 'छत्री' म्हणता येईना. तेवढा भाग त्यांनी सोडून दिला. गाठीचा थोडा अंश अजून आत आहे. दर सहा महिन्यांनी तपासणी असते.

यंदाच्या हंगामात तो सौद्याला उभा राहिला. संध्याकाळी दमला की एखादा शब्द अडतो. आम्ही पुरवत नाही, थांबतो. त्याचा त्याला सापडतो.

काल यादी दाखवली तर बराच वेळ कागद हातात धरून बसला. मग 'रवी'वर बोट ठेवलं.

"अक्का, इथं मी 'घुसळणे' म्हटलंच नव्हतं बघ."

"मग?"

"आईनं लोण्याचा गोळा द्यायला हाक मारलेली ऐकू आली. ती फुली येईपर्यंत ऐकत होतो."