पडद्यावरच्या छायाचित्राची धार

गेल्या पावसाळ्यात मरीन ड्राइव्हवर टिपलेले एक छायाचित्र संगणकावर पाहताना टेट्रापॉडच्या (लाटा अडवणाऱ्या काँक्रीटच्या ठोकळ्यांच्या) प्रत्येक कडेभोवती पांढुरकी रेघ दिसली, आणि दोष कॅमेऱ्याचा नसून माझ्याच घाईचा आहे हे ध्यानात आले. मूळ ६००० बाय ४००० पिक्सेलच्या प्रतिमेसाठी ठरवलेली शार्पनिंगची, म्हणजे कडा ठळक करण्याची, २ पिक्सेलची रेडियस (कडेभोवती परिणाम किती दूर पसरावा याचे माप) मी २०४८ पिक्सेल रुंदीच्या लहान प्रतीलाही तशीच लावली होती.

प्रतिमा लहान करताना शेजारच्या पिक्सेलांची सरासरी काढली जाते आणि त्यामुळे कडा किंचित मवाळ होतात; म्हणूनच शेवटचे शार्पनिंग आकार बदलल्यानंतर करावे, आणि तेही १०० टक्के आकारात पाहूनच. अनशार्प मास्क हा शार्पनिंगचा प्रकार प्रतिमेच्या धूसर प्रतीशी मूळ प्रतिमेची तुलना करून कडेच्या दोन्ही बाजूंचा फरक वाढवतो, तपशील नव्याने निर्माण करत नाही. मी आता रेडियस ०.३ ते ०.५ पिक्सेलच्या आसपास ठेवतो आणि ढगाळ आभाळ मास्किंगने (तो भाग झाकून) वगळतो, अन्यथा करड्या ढगांत नॉइजचे दाणे उठून दिसतात.

पडद्यासाठीही छायाचित्र ‘३०० डीपीआय’चे (इंचामागे ३०० ठिपके) हवे, हा आग्रह मात्र मला अजूनही उमगलेला नाही. तो आकडा छपाईचा आहे. पडद्यावर पिक्सेलांची संख्याच मोजली जाते. तेच छायाचित्र ७२ किंवा ३०० अशी नोंद करून जतन केले, तरी ब्राउझरमध्ये दोन्ही प्रती तंतोतंत सारख्याच दिसतात. दादरहून लोकलने येताना मोबाइलवर कमी रेडियसने केलेली नवी प्रत पाहिली, तेव्हा टेट्रापॉडभोवतीची रेघ नाहीशी झालेली होती.