एर्मिताजची टेकडी आणि भाच्याचं तळघर

फ्रान्समधल्या लियोंहून दक्षिणेकडे जाणाऱ्या लोकल गाडीत तासभर बसलो आणि तँ-लेर्मिताजला उतरलो. स्टेशनाबाहेर आलं की गावाच्या डोक्यावरच ती टेकडी दिसते. दगडी बांधांवर द्राक्षमळेवाल्यांची नावं एवढ्या ठळक अक्षरांत रंगवली आहेत, की आपल्या घाटातल्या सिमेंटच्या जाहिराती आठवाव्यात. एवढ्या नावाजलेल्या वाइनच्या दारात असली रंगरंगोटी अपेक्षित नव्हती.

टेकडी म्हणजे एर्मिताज, आणि तिच्या वाइनचं नावही तेच. अख्खं क्षेत्र साधारण 340 एकर. आपल्याकडच्या लहानशा गावाचं शिवारही याहून मोठं भरेल. ऱ्होन नदी इथे वळण घेते, त्यामुळे उतार थेट दक्षिणेला तोंड करून दिवसभर ऊन खातो. पश्चिमेकडच्या बेसार नावाच्या तुकड्यात ग्रॅनाइट आहे, आणि सर्वांत कणखर वाइन तिथलीच, असं जाणकार सांगतात. लाल वाइनचं द्राक्ष एकच, सिरा (आपला शिरा नव्हे, पण नाशिककडे ज्याला शिराझ म्हणतात तेच). त्यात 15 टक्क्यांपर्यंत मार्सान आणि रूसान ही पांढरी द्राक्षं मिसळायला नियमाने परवानगी आहे, पण बरेच जण त्या वाटेला जात नाहीत.

भाचा लियोंला शिकतो. तो पुढे, मी धापा टाकत मागे. ऑक्टोबर संपत आला होता. तोडणी झालेली, पानं पिवळी. नाशिकसारखे मांडव नाहीत. प्रत्येक वेलीला स्वतःचा एक लाकडी खुंट, त्याला बांधलेली. चढ असा, की बऱ्याच ठिकाणी ट्रॅक्टर जातच नाही, मग सगळं काम माणसाच्या पाठीवर. माथ्यावर सेंट क्रिस्तोफचं चिमुकलं चॅपल आहे. 13व्या शतकात एक जखमी सरदार युद्धाला विटून इथे एकांतात राहिला आणि त्याने द्राक्षं लावली, अशी दंतकथा. एर्मित म्हणजे एकांतवासी. मिस्त्राल म्हणजे इथल्या उत्तरेकडच्या सोसाट्याच्या वाऱ्याने माझी टोपी उडवली, ती दोन बांध खाली जाऊन अडकली. आणायला भाचा गेला.

खाली एका तळघरात चव घ्यायला बसलो. आधी 2020 सालची. रंग जांभळाकडून काळ्याकडे झुकलेला, मिरपुडीचा वास आणि तोंडात घेताच जीभ टाळूला चिकटली. गच्च जांभळं खाल्ल्यावर होते ना, तश्शी.

"मामा, थुंक आता," भाचा म्हणाला. समोर त्यासाठीच बादली होती. एवढी महाग वस्तू थुंकायची? गिळली.

मग 1998 ची. कडेला विटकरी छटा, वास ओल्या पाचोळ्याचा, चामड्याचा. तुरटपणा गेला नव्हता, पण आता तो टोचत नव्हता. ओतणाऱ्या बाईंनी बाटली उजेडासमोर धरून तळाचा गाळ दाखवला. तुरटपणा देणारी टॅनिनं वर्षानुवर्षं एकमेकांना जोडली जातात, जड होतात आणि खाली बसतात. म्हणजे काढा गाळावा तसं बाटलीच आतल्या आत गाळत असते. टॅनिन मुबलक, म्हणून ही वाइन वीस-तीस वर्षं तग धरते. 19व्या शतकात बोर्दो या फ्रान्सच्याच दुसऱ्या वाइन-प्रदेशाचे व्यापारी आपल्या फिक्या वाइनला अंग यावं म्हणून तीत एर्मिताज मिसळत, आणि ती चक्क जास्त भावाने विकत.

मी 2020 ची एक बाटली घेतली. कस्टम्सची अडचण नव्हती, दोन लिटरपर्यंत मुभा असते. अडचण पुण्याची. हिला हवं 12-14 अंशांचं, अंधारं, किंचित दमट आणि वर्षभर न बदलणारं घर. आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या पश्चिमेच्या खोलीत एप्रिलमध्ये खोबरेल तेल पाण्यासारखं होतं. फ्रिजचा विचार केला, पण तिथे फार गार आणि कोरडं, शिवाय वीस वर्षं कोथिंबिरीशेजारी कोण ठेवू देणार?

तोडगा भाच्याकडे निघाला. तिथल्या जुन्या इमारतींत बऱ्याचदा प्रत्येक बिऱ्हाडाला तळघरात एक खण असतो. त्याच्या खणात सायकल आणि बटाट्यांची पिशवी होती. त्यांच्यामागे बाटली आडवी ठेवली, बूच ओलं राहावं म्हणून. 2040 मध्ये उघडायची असं ठरलं. मी तेव्हा 74 चा असेन. परतताना विमानात मी तीनदा हिशेब केला.

जूनमध्ये भाच्याचा मेसेज आला. सामानाच्या खोक्यांवर बाटली, टॉवेलात गुंडाळलेली. खाली लिहिलं होतं, "मामा, घर बदललं. इथे तळघर नाहीये."