गादी शिवून का घेतली, तुम्ही विचारलंत म्हणून

माझ्या गुडघ्यातली फाटलेली गादी ऑपरेशन करून शिवली, तेव्हापासून प्रश्न एकाच चालीवर येतो. "कापून घेतलं असतं तर दोन महिन्यांत पळायला लागला असतात की. शिवून कशाला घेतलंत?" सोलापुरात सात रस्त्याला स्कूटर शेजारी आणून लोकांनी विचारलंय, बँकेत माझ्या काउंटरवर पासबुक भरून घेताना विचारलंय, होटगी रोडला मी चालत असताना शेजारून पळत जाता जाता ओरडून विचारलंय. मी दर वेळी जे सुचेल ते सांगते. परवा आपल्या पळणाऱ्यांच्या गटातल्या एकानं माझी तीन उत्तरं एकमेकांशी जुळत नाहीत हे दाखवून दिलं. म्हणून एकदाच लिहिते. गुडघ्यातली गादी म्हणजे मांडीच्या आणि नडगीच्या हाडांमधली, धक्के सोसणारी कूर्चा. याहून जास्त सांगत बसत नाही. तुमच्यापैकी निम्म्यांनी आपापले एमआरआय मला पाठवून झालेत.

किरकोळ शंका आधी उरकते. पळून पळून गुडघा गेला का? नाही. दिवाळीची झाडलोट चालू होती. उकिडवी बसून कपाटाखालची जळमटं काढत होते आणि तशीच वळून उठले. गुडघा अर्ध्यात अडकला. वाकेना, सरळही होईना. पळण्याचं नाव उगाच बदनाम करू नका. आधीच्या बऱ्याच अभ्यासांची एकत्र मोजदाद २०१७ मध्ये आली होती. त्यात हौशी पळणाऱ्यांमध्ये गुडघ्याची नाहीतर खुब्याची झीज ३.५ टक्के निघाली, बसून राहणाऱ्यांमध्ये १०.२ टक्के. शेजारच्या काकूंना मी एवढंच सांगते. स्पर्धेच्या पातळीवर पळणाऱ्यांचा आकडा १३.३ होता, तो सांगत नाही.

मग ऑपरेशनच कशाला केलं, व्यायामानं भागलं असतं, असं म्हणणारेही आहेत. ते फिनलंडचं उदाहरण देतात. तिथं २०१३ मध्ये निम्म्या लोकांची गादी खरोखर छाटली, निम्म्यांवर ऑपरेशनचं नुसतं नाटक केलं, आणि वर्षभरानं दोघांत फरक दिसला नाही. अभ्यास खरा आहे. पण ती माणसं झिजून फाटलेल्या गादीची होती, अडकलेले गुडघे त्यात घेतलेच नव्हते. माझा फाटलेला पट्टा उलटून सांध्यात शिरला होता. डॉक्टर त्याला बकेट हँडल म्हणतात. तो व्यायामानं बाहेर येत नाही.

आणि गटावर जोन बेनॉइटची गोष्ट टाकणाऱ्यांना हात जोडून विनंती, आता पुरे. होय, १९८४ मध्ये गुडघ्याच्या ऑपरेशननंतर सतराव्या दिवशी ती अमेरिकेची निवड चाचणी जिंकली आणि त्याच वर्षी लॉस एंजेलिसला बायकांची पहिली ऑलिंपिक मॅरेथॉनही. तिच्या गुडघ्यातला अडथळा काढला होता. शिवलं काही नव्हतं.

आता मुख्य प्रश्न.

ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी दाखल झाले. मेडिक्लेमची मंजुरी आली नव्हती, नवरा त्यासाठी खाली अडकलेला. खोलीत मी आणि माझे वडील. अप्पांबद्दल थोडं सांगावं लागेल. ते सत्तरच्या दशकात जिल्ह्याकडून कबड्डी खेळायचे. एका चढाईत पकडीतून सुटताना गुडघा पिळवटला, आणि पुण्याला नेऊन त्यांची गादी काढली. फाटलेला तुकडा नव्हे, अख्खी. तेव्हा तीच रीत होती. १८९७ मध्ये ब्लँड-सटन नावाच्या इंग्रज सर्जननं या गाद्यांना पायातल्या स्नायूंचे निकामी अवशेष म्हणून टाकलं होतं. १९४८ मध्ये फेअरबँकनं गादी काढलेल्या गुडघ्यांचे एक्स-रे मांडून सांध्यात काय बदल होतात ते दाखवलं, तरी सर्रास काढणं थांबायला आणखी काही दशकं गेली. अप्पा नेमके त्या दशकांत सापडले. पुढच्याच हंगामात ते मैदानावर होते, याचं आमच्या घरात अजून कौतुक होतं. पन्नाशी उलटेपर्यंत तो पाय गुडघ्यातून बाहेर वाकला. आता काठी आहे. गुडघा बदलायचा विषय काढला की ते पाऊसपाण्याचं बोलायला लागतात.

डॉक्टर आले, फाइलच्या पाठीवर गादी म्हणून इंग्रजी सी काढला. बाहेरची कड लाल पेननं गिरवली. इथं रक्त पोचतं, इथं शिवलं तर जुळून येतं. आतली कड कोरी ठेवली. इथं रक्त नाही, छाटायचं. मग मधल्या पट्टीवर पेन टेकवून थांबले. "एमआरआयवरून फाट इथं वाटतेय. दुर्बीण घातल्यावर कळेल. इथंच निघाली तर दोन्ही करता येतं. छाटलं तर दीड-दोन महिन्यांत हळूहळू पळाल, पण तुकडा मोठा आहे, गादी बरीच जाईल. शिवलं तर सहा आठवडे ब्रेस, नव्वद अंशांपुढं वाकवायचं नाही, चार ते सहा महिने पळणं नाही. आणि साधारण पाचातल्या एकाचे टाके पुढं टिकत नाहीत. मग परत टेबलावर यायचं. माझा कल शिवण्याकडं आहे, पण पाय तुमचा." संमतीपत्रावर दोन्ही लिहिलेलं होतं. सही दोन्हींना करा, मधल्याचं उद्या सांगा, म्हणाले आणि गेले.

मी अप्पांकडं वळले. काय म्हणतील ते मला ठाऊक होतं. म्हणजे तसं मी धरून चालले होते.

"छाटून घे," अप्पा म्हणाले.

"अप्पा, स्वतःचा पाय बघा जरा."

"रोज बघतो. त्या पायावर पुढची सगळी वर्षं खेळलो मी. सत्तरीतला माणूस तसाही काठी घेतोच की. पंचविशीतली कबड्डी परत कुठनं आणू?"

"मी पंचविशीत नाही. चाळिशी झाली माझी."

"म्हणून तर म्हणतो. तुझ्याकडं हंगाम कमी हैत."

मला राग आला. हे त्यांच्या तोंडून यायला नको होतं. माझं सगळं पळणं एका अर्थी त्या पायाला घाबरून चाललेलं. वेग हळूहळू वाढवायचा, बूट वेळेवर बदलायचे, दुखलं की थांबायचं. दुखणं अंगावर काढणाऱ्यांना मी अप्पांचं उदाहरण द्यायची. आणि ते उदाहरण खुर्चीत बसून म्हणत होतं की सौदा चांगला होता. मी म्हटलं, आईला विचारा, तिनं इतकी वर्षं तुमचा गुडघा शेकलाय. ते म्हणाले, तिला विचारू नको, ती खरं सांगेल. मग हसले. मी हसले नाही. नवरा मंजुरीचा कागद घेऊन वर आला तेव्हा आम्ही दोघं भिंतीवरच्या बंद टीव्हीकडं बघत होतो.

लिफ्ट बंद होती. अप्पा जिन्यानं निघाले. आडवे उतरतात ते. एका पायरीवर दोन्ही पाय, मग पुढची. तो जिना बघितला आणि ठरवलं, असं मी तुमच्यापैकी बऱ्याच जणांना सांगितलंय. ऐकायला बरं वाटतं, समोरचा गप्प होतो. पण त्या रात्री मला अप्पांचंच पटत होतं. बारानंतर पाणीसुद्धा प्यायचं नव्हतं, झोप येत नव्हती, आणि मी मनात छाटल्यानंतरचे आठवडे मोजून पुढच्या स्पर्धा लावत होते. पहाटेपर्यंत माझं "छाटा" ठरलेलं होतं.

सकाळी कण्यात सुई दिली. कमरेखालचं अंग माझं राहिलं नाही. पडदा लावलेला, पण शेजारच्या स्क्रीनवर सगळं दिसत होतं. माझ्या गुडघ्याचं आतलं घर. पांढरं, ओलसर, कडेला तंतू सुटलेले. डॉक्टरांनी हुकानं तो उलटलेला पट्टा जागेवर ढकलला आणि तो गुमान बसला, जणू कुठं गेलाच नव्हता. "मधलाच भाग आहे," पडद्यामागून आवाज आला. "बोला." मी "शिवा" म्हणाले.

का म्हणाले, ते विचारू नका. म्हणजे तेच तुम्ही विचारताय, माहितीय. सत्तरीतल्या गुडघ्याचा विचार तेव्हा मनात नव्हता. बापाशी हट्ट होता का? असेल थोडा. जागेवर बसलेली वस्तू डोळ्यांदेखत "कापून टाका" म्हणवेना, हे बहुधा जास्त खरं. शास्त्रीय उत्तर नाही हे.

पुढचं तुम्ही पाहिलंच आहे. ब्रेस, कुबड्या, बँकेत खुर्चीखाली स्टूल. जे दिसलं नाही ते एवढंच की मांडीचा पुढचा स्नायू हुकूमच ऐकेना. सांध्याला सूज असली की त्या स्नायूकडं जाणारा संदेश मंदावतो, असं फिजिओनं सांगितलं. टॉवेलची गुंडाळी गुडघ्याखाली ठेवायची आणि ती दाबायची, एवढाच व्यायाम. सोलापुरात घरात टॉवेलांना तोटा नाही, तरी त्या गुंडाळीकडं बघून मला रडू आलंय. मॅरेथॉन पळलेली बाई, आणि टॉवेल दाबता येईना.

बरं झालं की नाही याची मापंही सगळ्यांची वेगळी. फिजिओ कोन मोजायचा. गट वेग विचारतो. सासूबाईंचं माप एकच, मांडी घालून बसता येतं का? संक्रांतीच्या हळदीकुंकवाला सगळ्या सतरंजीवर आणि मी खुर्चीत. सिद्धेश्वरांच्या गड्डा जत्रेला आलेले पाहुणे नंदीध्वजांपेक्षा माझ्या ब्रेसकडंच बघत होते. मांडी जमायला पळण्यापेक्षा जास्त वेळ लागला, आणि अजूनही त्या बाजूचा गुडघा जरा उंच राहतो.

कोजागिरीला तुळजापूरला चालत गेले, तेव्हा एकानं विचारलं, पंचेचाळीस किलोमीटर चालता येतं तर पळायला काय होतं? चालताना झटक्यात वळावं लागत नाही, आणि त्या रात्री माणसं इतकी असतात की कुणाला घाई करताच येत नाही. एवढंच.

आज पळते. लांब पळाले की संध्याकाळी गुडघा भरल्यासारखा होतो. जिना उतरताना कधी आत काहीतरी टिचकतं. डॉक्टर म्हणतात, अडकत नाही तोवर पुन्हा एमआरआय नको. म्हणजे टाके धरलेत की मी त्या पाचातली एक आहे, हे कुणालाच ठाऊक नाही. टेबलावर "शिवा" म्हणणाऱ्या बाईशी माझं अधूनमधून भांडण होतं. तिला म्हणते, तू माझा एक अख्खा हंगाम खाल्लास आणि बदल्यात काय मिळालं ते मला साठीनंतर कळणार. ती म्हणते, छाटलं असतंस तर याच जागी बसून उलटं रडली असतीस. दोघींचं बरोबर असू शकतं, आणि त्याचा मला काही उपयोग नाही.

तुमच्यापैकी कुणाचा गुडघा उद्या असा अडकला तर माझं नाव सांगून डॉक्टरांना "शिवाच" म्हणू नका. फाट लाल भागात आहे की आतल्या कडेला, हे आधी विचारा. माझी मधली होती.

आणि भेटलात तर आता दुसरं काही विचारा. जानेवारीच्या मुंबई मॅरेथॉनला नाव नोंदवलं का, हे विचारा. नोंदवलंय, अर्धीला. अप्पांना अजून सांगितलेलं नाही, कारण ते पहिल्यांदा म्हणतील, "अर्धीच का?"