चमक गेली, रंगद्रव्य मात्र नळीतच होते

फ्लुओरेसीन या हिरव्या चमकणाऱ्या रंगद्रव्याची क्रमाने विरल होत जाणारी द्रावणे मी पहिल्यांदा केली, तेव्हा आलेखाची रेषा काही केल्या सरळ येईना. दहापट विरल केल्यावर चमकही दहापट कमी व्हायला हवी होती. प्रत्यक्षात सर्वांत विरल नळ्यांमधली चमक त्याहून बरीच कमी भरत होती. पिपेट बदलली, वजने पुन्हा केली, तरी तेच. दोष अखेर ऊर्ध्वपातित पाण्यात सापडला. उघडे राहिलेले असे पाणी हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून घेते आणि त्याचा सामू, म्हणजे पीएच, ५.६ च्या आसपास उतरतो, म्हणजे पाणी किंचित आम्लधर्मी होते. द्रावण जितके विरल, तितका त्यावर पाण्याच्याच आम्लतेचा अंमल.

फ्लुओरेसीनला ही आम्लता फार जाणवते. त्याचे दोन ऋणप्रभार असलेले रूप ४९० नॅनोमीटरचा निळा प्रकाश भरभरून शोषते आणि शोषलेल्या शंभर फोटॉनांमागे त्र्याण्णवच्या आसपास फोटॉन हिरव्या प्रकाशाच्या रूपाने परत देते. आम्लातला एक प्रोटॉन त्याला जोडला गेला की हेच प्रमाण सदतीसच्या घरात येते, शिवाय निळा प्रकाश शोषण्याची क्षमताही घटते, म्हणजे नुकसान दुहेरी होते. हा बदल सामू ६.४ च्या आसपास घडतो. माझ्या पाण्यात सातातला जेमतेम एक रेणू पूर्ण तेजस्वी रूपात उरला होता.

निळ्या दिव्यासमोर नळी धरून हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब कडेने सोडला, की तो उतरतो त्या वाटेने हिरव्या उजेडात काळोखाची रेघ ओढली जाते, आणि सोडियम हायड्रॉक्साइडचे काही थेंब घातले की सगळी नळी पुन्हा उजळते. हे मी आजही थांबून पाहते.

१८७७ साली जर्मनीत डॅन्यूब नदी जिथे जमिनीत झिरपते तिथे, ते पाणी कुठे जाते हे शोधायला, या रंगद्रव्याचा दहा किलो क्षार ओतला गेला आणि सुमारे ६० तासांनी ते रंगद्रव्य आख नदीच्या उगमाशी हिरवे चमकत बाहेर आले. चुनखडीतले पाणी किंचित आम्लारिधर्मी असते, ही बाब तिथे पथ्यावर पडली. क्विनाइन या दुसऱ्या चमकणाऱ्या पदार्थाचे मात्र उलटे आहे: ते विरल सल्फ्युरिक आम्लातच उत्तम चमकते, आणि हायड्रोक्लोरिक आम्ल घेतले तर त्यातले क्लोराइड आयन ती चमक मारतात.

आता मी प्रत्येक नळी सामू ९ च्या बोरेट बफरमध्येच, म्हणजे सामू स्थिर राखणाऱ्या द्रावणातच करते, आणि रेषा सरळ येते.