आमची वाटचाल : घराबद्दल सगळं, शेजाऱ्याबद्दल काही नाही

न्यू जर्सीत एडिसन, इसेलिनच्या बाजूला घरं दाखवणाऱ्या मराठी एजंटला एक प्रश्न हमखास विचारला जातो : "तिथे आपली माणसं आहेत का हो?" या प्रश्नाचं उत्तर न देता लोकांचा विश्वास कमवायचा, हेच आमच्या छोट्या ब्रोकरेजने सुरुवातीपासून केलं आहे.

सुरुवात चारचौघांसारखीच झाली. कोल्हापूरहून नवऱ्याच्या नोकरीमागे इकडे आले, मुलं शाळेत जायला लागल्यावर एजंट होण्यासाठीचा पंचाहत्तर तासांचा कोर्स केला, परीक्षा दिली आणि एका मोठ्या ब्रोकरच्या हाताखाली काम सुरू केलं. स्वतःचं ऑफिस काढायचं तर या राज्यात तीन वर्षांचा अनुभव आणि आणखी दीडशे तासांचं शिक्षण लागतं. तेही केलं. ओक ट्री रोडजवळ दोन खोल्यांची जागा घेतली, नवरा हिशेब बघू लागला. आज आमच्याकडे चार एजंट आहेत.

त्या कोर्समधला फेअर हाउसिंगचा धडा बरेच जण पाठ करून विसरतात. मी तो विसरले नाही. ४ एप्रिल १९६८ रोजी मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली आणि अवघ्या आठवड्यात, ११ एप्रिलला, राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी फेअर हाउसिंग कायद्यावर सही केली. वंश, वर्ण, धर्म आणि मूळ देश या कारणांनी कोणाला घर नाकारायचं नाही. १९७४ साली त्यात लिंग आलं, १९८८ साली अपंगत्व आणि घरात लहान मुलं असणं. न्यू जर्सीचा स्वतःचा भेदभावविरोधी कायदा तर १९४५ चा आहे आणि त्याची यादी आणखी लांब आहे : वैवाहिक स्थिती, लैंगिक कल, भाडं किंवा हप्ता भरायला वापरलेल्या कायदेशीर उत्पन्नाचा स्रोत, असं बरंच काही.

घर नाकारणं चूक, हे कोणालाही पटतं. एजंटने बोलायचंही नाही, हे पटायला वेळ लागतो. आमच्या धंद्यात याला स्टीअरिंग म्हणतात : गिऱ्हाइकाचा चेहरा किंवा आडनाव बघून त्याला एका वस्तीकडे वळवायचं, दुसरीपासून लांब ठेवायचं. हेतू चांगला असला तरी चालत नाही. "तुम्हाला तिथे करमेल," हे वाक्यसुद्धा माझ्या तोंडून निघता कामा नये.

हे सगळं कुठून आलं ते बघायला फार लांब जावं लागत नाही. आमच्याच राज्यात बर्लिंग्टन काउंटीत विलिंगबरो आहे. १९५८ साली लेव्हिट कंपनीने तिथे मोठी वसाहत बांधायला घेतली आणि कृष्णवर्णीयांना घरं विकणार नाही असं उघड सांगितलं. प्रकरण न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि १९६० साली कंपनी हरली. पुढे कृष्णवर्णीय कुटुंबं राहायला आली, तशी काही गोरी कुटुंबं घाबरून घरं विकायला लागली. ती घबराट थांबवण्यासाठी गावाने १९७४ साली अंगणात 'विकणे आहे' अशी पाटी लावायलाच बंदी केली. १९७७ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ती बंदी रद्द केली. शेजारी कोण येणार एवढ्या एका कुजबुजीने गाव हलतं, आणि ती कुजबुज पोचवायला एजंटइतका सोयीचा माणूस दुसरा नाही. म्हणून आमच्या तोंडाला कुलूप आहे, आणि ते असायलाच हवं असं मला मनापासून वाटतं.

एक प्रसंग आमच्या नव्या एजंटांना मी नेहमी सांगते. साउथ ब्रन्सविकमध्ये एका तरुण जोडप्याला घर दाखवत होते. त्या जोडप्यातल्या मुलाची आई मागच्या सीटवर होती. त्यांनी विचारलंच, "तिथे आपली माणसं आहेत ना गं?"

"काकू, ते मला सांगता येत नाही. कायद्याने मनाई आहे."

"अगं, तू तर आपलीच. कोणाला कळणार आहे?"

मी गाडी बाजूला घेतली. म्हटलं, "काकू, उद्या एखादा एजंट एखाद्या गोऱ्या कुटुंबाला म्हणाला, 'त्या गल्लीत इंडियन फार झालेत, तुम्ही पलीकडे बघा,' तर? त्याला अडवणारा कायदा हाच आहे. तो त्याला लागू आणि मला नाही, असं कसं चालेल?"

काकू थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, दादरहून उपनगरात जागा शोधत होतो तेव्हा मासे खाणारे म्हणून आम्हाला एका सोसायटीने दारातूनच परत पाठवलं होतं. भारतात तर २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेला सभासदत्व आपल्या समाजापुरतं ठेवायला मुभा दिली. इथला कायदा नेमका उलट दिशेला उभा आहे. काकूंनी शेवटी मार्ग स्वतःच काढला. "संध्याकाळी मला इथे सोड, मी बघते माझी." तासभर पायी फिरून, पार्कातल्या बाकावर तीन बायकांशी गप्पा मारून त्या परत आल्या. मला जे सांगता येत नव्हतं ते सगळं त्यांना कळलं होतं. घर त्यांनी घेतलं.

तेव्हापासून आम्ही प्रत्येक कुटुंबाला हेच सांगतो : संध्याकाळी या, रविवारी सकाळी या, गल्लीत फिरा. शाळा 'चांगली' की 'वाईट' हेही आम्ही बोलत नाही, कारण त्या शब्दाआड पुष्कळदा मुलांचा रंग मोजलेला असतो. राज्याच्या शिक्षण खात्याचे शाळांचे अहवाल कुठे मिळतात ते दाखवतो. गुन्ह्यांबद्दल विचारलं तर गावच्या पोलीस खात्याचा पत्ता देतो. लैंगिक गुन्हेगारांची माहिती मेगन्स लॉ या कायद्याखाली काउंटी प्रॉसिक्यूटर, म्हणजे काउंटीचे सरकारी वकील, देतात. एजंटला ती मिळवून देता येत नाही, हे इथल्या करारात छापलेलंच असतं.

मग आम्ही बोलतो तरी काय? घराबद्दल सगळं. प्रॉपर्टी टॅक्स किती, छप्पर कधी बदललं, तळघरात पाणी येतं का, पूररेषा कुठे आहे, मेट्रोपार्क स्टेशनहून न्यूयॉर्कची गाडी किती वाजता. वास्तू बघणाऱ्यांना पूर्वेचं दार शोधून देतो, कारण ते घराचं वर्णन झालं, शेजाऱ्याचं नव्हे. मन्रोमधल्या पंचावन्न वर्षांवरच्या वसाहतीही आईवडिलांसाठी मोकळेपणाने दाखवतो, कारण ज्येष्ठांच्या वसाहतींना कायद्याने तशी सूट आहे. पण एरवी, "हा काँडो (फ्लॅट) लहान मुलांसाठी नाही," असं म्हणणं बेकायदाच.

या धोरणापायी लिस्टिंग, म्हणजे विकायला मिळालेली घरं, हातची गेलीही आहेत. न्यू जर्सीत घर विकायला घेताना मालकाला ॲटर्नी जनरलचं भेदभावविरोधी कायद्याचं निवेदन द्यावंच लागतं. आम्ही ते नुसतं हातात देत नाही, टेबलावर बसून वाचतो. एका मालकांनी ते वाचून झाल्यावरही सांगितलं, "अमुक लोकांना दाखवू नका." आम्ही कागद आवरले आणि निघालो. ऑफिस नवं होतं, त्या कमिशनची फार गरज होती.

धाक काल्पनिक नाही. तपासणीसाठी खोटे ग्राहक पाठवता येतात, आणि ते न्यायालयात दाद मागू शकतात हे १९८२ पासून पक्कं आहे. 'न्यूजडे' या दैनिकाने न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर असेच ग्राहक पाठवले आणि २०१९ साली निष्कर्ष छापले. कृष्णवर्णीय ग्राहकांना ४९ टक्के चाचण्यांत वेगळी वागणूक मिळाली, हिस्पॅनिकांना ३९, आशियाईंना १९ टक्के. त्या १९ टक्क्यांत आपणही येतो.

आता आमचं काम भाड्याच्या घरांकडे वळलं आहे. पहिलं घर घेऊन स्थिरावलेली आपली माणसं दुसरं घर गुंतवणूक म्हणून घेतात आणि व्हॉट्सॲप ग्रुपवर जाहिरात टाकतात : 'फक्त भारतीय शाकाहारी कुटुंबासाठी.' 'भारतीय' म्हटलं की मूळ देशावरून निवड झाली. मालक स्वतः राहत असलेल्या लहान घरांना काही सूट आहे, पण ती अशा जाहिरातीला मिळत नाही. सरकारी व्हाउचरवर, म्हणजे सरकारकडून मिळणाऱ्या मदतीवर, भाडं भरणाऱ्याला त्याच कारणाने नाही म्हणणंही या राज्यात बेकायदा आहे. नव्या घरमालकांसाठी आम्ही शनिवारी सकाळी ऑफिसात विनामूल्य बसतो. जाहिरात टाकण्याआधी मसुदा घेऊन या. खोल्या, भाडं, डिपॉझिट, पार्किंग, लाँड्री आणि ताबा कधी, एवढं लिहिलं की घर भाड्याने जातं.